मुके फोन आणि मोठा टीव्ही

मला कंट्रोल रूममध्ये पाठवलं तेव्हा माझा गुडघा मोडलेला होता आणि डोकं फिरलेलं. एका मिरवणुकीच्या बंदोबस्तात गर्दी अंगावर आली, मी पायऱ्यांवरून पडले आणि गुडघ्यात स्क्रू बसले. "मेश्राम जी, अब आप बैठने वाला काम कीजिए," असं साहेब म्हणाले. त्यांनी ते भल्यासाठीच म्हटलं असेल. पण मी सहायक उपनिरीक्षक होते आणि नोकरीची सगळी वर्षं मी उभ्यानं काढली होती. रस्त्यावर, घाटावर, कोर्टाच्या व्हरांड्यात. आता कानावर हेडफोन, समोर स्क्रीन, आणि बूड खुर्चीला चिकटलेलं. पहिले काही महिने मी दर थोड्या वेळानं उठून पाण्याच्या माठापर्यंत जाऊन यायचे. तहान नसायचीच.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. आजोबा भंडाऱ्याहून इथे जबलपूरला आले, वडील कारखान्यात फिटर होते, घरात मराठीच बोलतो, मुलगी तेवढी हिंदीत उत्तर देते. पण पोलिसातलं माझं सगळं लिखाण हिंदीत झालं. तेव्हा मध्येच हिंदी आलं तर सांभाळून घ्या. माणसं जशी बोलली तशीच लिहिते आहे.

कंट्रोल रूमचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही, आणि सिनेमात दाखवतात तेवढं भारीही नाही. फोन येतो. आपण नाव, जागा, भानगड विचारायची, स्क्रीनवर टाकायची आणि जवळची गस्तीची गाडी पाठवायची. गाडी जाऊन आली, की काय झालं ते लिहून प्रकरण बंद करायचं. फोन उचलताना एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं. त्याच्यापुढे मी स्वतःचं एक जोडलं होतं, "बोलिए, मैं सुन रही हूँ." कोणी शिकवलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला ठरलेलं वाक्य ऐकूच येत नाही, असं माझ्या लक्षात आलं होतं.

फोन करणारे नाना तऱ्हेचे. ग्वारीघाटचा एक नाववाला सकाळी सकाळी रडत ओरडत होता की त्याची नाव चोरीला गेली. गाडी पाठवली. नाव समोरच्या काठाला लागून उभी होती. दोर सैल बांधला होता, एवढंच. तो मात्र अडून बसला, की नर्मदाजीत नाव आपोआप पलीकडे जाईलच कशी, तेव्हा चोर शोधाच. एक म्हातारे गृहस्थ रोज आगगाडीची वेळ विचारायचे. रेल्वेचा नंबर दिला तर म्हणायचे, "वो लोग ठीक से बात नहीं करते." एका बाईला शेजारणीच्या कोंबड्यावर रिपोर्ट लिहायची होती.

आणि मग मुके फोन. आम्ही त्यांना ब्लँक कॉल म्हणायचो. समोरून कोणी बोलत नाही, किंवा "ग़लती से लग गया" म्हणून ठेवून देतात. खिशातला फोन दाबला जातो, पोरं खेळतात. असे फोन रोज ढिगानं येतात. एक बटण दाबलं की ब्लँक म्हणून बंद. त्यानंतर फार तर एकदा उलट फोन करून विचारायचं, बस. ते बटण माझ्या बोटाला इतकं सवयीचं झालं होतं, की मी डोळ्यांनी बघायचेही नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे गुन्हे विश्लेषणाचा नवा कक्ष सुरू होणार अशी चर्चा सुरू झाली. ज्यांनी या विषयाचं काही शिक्षण घेतलं आहे त्यांना आधी घेणार, असं पत्रक आलं. मी ते वाचलं आणि त्या दिवसापासून माझा पाय जमिनीवर टिकेना. हे बसून करायचं काम होतं, पण त्यात डोकं उभं राहणार होतं. चौकशी केली तर ऑनलाइन कोर्स निघाला. व्हिडिओ बघायचे, स्वाध्याय पाठवायचे, शेवटी आपल्याच कामातला एक प्रकल्प करायचा. सगळं इंग्रजीत. मुलगी प्रेरणा कॉलेजात होती. ती म्हणाली, "मम्मी, तुम इंग्लिश में करोगी?" मी म्हटलं, तू कशाला आहेस?

आमच्या घरात पुस्तक उघडून बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही, मग तो कितीही वयाचा असो. वडिलांनी लावलेली ही शिस्त. पण नेट फक्त गच्चीवर नीट चालायचं. त्यामुळे ड्युटीवरून आले की छत्री घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. जबलपूरचा मे महिना, फोन इतका तापायचा की ओल्या फडक्यात गुंडाळावा लागे. व्हिडिओतल्या मॅडम शांतपणे बोलायच्या. मी एकेक वाक्य तीनदा मागे घेऊन ऐकायचे.

हे शास्त्र काय आहे ते साध्या शब्दांत सांगते. यात चोर पकडत नाहीत. एका चोरीकडे न बघता शंभर चोऱ्यांकडे एकदम बघतात. कुठे होतात, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, आणि त्याच माणसाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात का? एका बाजारात मोटारसायकली जातात असं वाटतं, पण मांडून बघितलं तर त्या फक्त कोर्टाच्या तारखांच्या दिवशी, त्या एकाच गल्लीत जात असतात. मग तिथे एक शिपाई उभा केला तरी पुरतं. मला ते इतकं आवडलं की भाजी घेतानाही मी मांडत बसायचे, कोणता भाजीवाला कोणत्या वारी वजनात मारतो.

प्रकल्पासाठी मी आमच्या फोनांचीच माहिती निवडली. आमचे प्रभारी निरीक्षक दुबे साहेब यांनी परवानगी दिली. फक्त नावं आणि पूर्ण नंबर बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, ही अट. पहिला भाग मी झोकात केला. ब्लँक कॉल सगळे काढून टाकले, गहू निवडून खडे फेकावेत तसे, आणि उरलेल्यांचे रंगीत आलेख काढून पाठवले. मॅडमचं उत्तर आलं. आलेखांबद्दल एक शब्द नाही. फक्त विचारलं होतं, की तुम्ही जे काढून टाकलंत त्यात काय होतं, ते तुम्ही पाहिलं का?

मला राग आला. यांना काय माहीत आमच्याकडे किती पोरं फोन खेळतात? दोन दिवस मी ती फाइल उघडलीच नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. दाताच्या फटीत काही अडकल्यासारखं झालं. शेवटी ते फेकलेले खडे मी परत ताटात घेतले.

बहुतेक खडेच होते. एकदा आलेले नंबर, पुन्हा कधी न आलेले. पण काही नंबर परत परत येत होते. त्यातला एक तर माझ्याच टेबलावर कितीदा आला होता. सिव्हिल लाइन्सच्या बाजूच्या टॉवरवरून यायचा. कधी काही बोलणं नाही, कधी बाईचा हलका आवाज, "ग़लत लग गया." मी त्याच्या तारखा वहीत न लिहिता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिंब देऊन मांडल्या, कारण वार डोळ्यांसमोर हवे होते. रविवारी जास्त, पण फक्त रविवारी नाही. मध्येच एखादा मंगळवार, एखादा शनिवार. शाळांच्या सुट्ट्यांशी जुळेना, सणांशी जुळेना. मी तिथेच फेऱ्या मारत होते.

आमचे मिस्टर वीज खात्याच्या ऑफिसात होते. ते पाणी प्यायला आले आणि म्हणाले, "काहून फेऱ्या मारून राहिली वं? आन् हे कॅलेंडरचं काय करून ठेवलं?"

"काही नाही. हे दिवस कशाचे आहेत ते समजून नाही राहिलं."

त्यांनी चष्मा वर केला, पान उलटलं, पुन्हा मागचं पान बघितलं. "हे तर माह्या सुट्ट्या हायेत," ते म्हणाले. "दुसरा शनिवार, तिसरा शनिवार. चौथा नाही ना? चौथा बँकवाल्यांचा. आन् हा मंगळवार, ही सरकारी सुट्टी होती. तू ड्युटीवर होती तवा."

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. त्या घरात एक सरकारी नोकरीवाला माणूस होता, आणि तो घरी असला की एक बाई पोलिसांना फोन लावत होती आणि काही न बोलता ठेवत होती.

ते मी दुबे साहेबांना दाखवलं. दुबे साहेब माणूस वाईट नव्हते. घाबरट होते, आणि ते स्वतःच तसं म्हणायचे. "नियम में जो है वो कर लीजिए," ते म्हणाले. म्हणजे उलट फोन. खरं तर नियमाचा तो फोन त्याच्या आधीच झाला होता. एका सुट्टीच्या दुपारी दुसऱ्या शिफ्टच्या मुलानं तो लावला होता. मी त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. पुरुषाचा आवाज, अगदी सभ्य. "जी? पुलिस कंट्रोल रूम? नहीं नहीं, बच्चे ने लगा दिया होगा. माफ़ कीजिएगा. अब नहीं होगा."

आणि खरंच पुन्हा झालं नाही. पुढची सुट्टी आली, फोन नाही. त्याच्या पुढचीही गेली. कॅलेंडर कोरं.

दुबे साहेब म्हणाले, "देखिए, समस्या ही ख़त्म हो गई." माझ्या आलेखातही ती रेघ सरळ खाली येऊन शून्यावर टेकली होती. कोर्सच्या भाषेत ही सुधारणा होती. मला मात्र त्या शून्यानं खाल्लं. नियमाचा फोन त्याच माणसानं उचलला होता. आता तिच्या हातात फोन असेल का? सुट्टीच्या दिवशी ड्युटी असली की मी दुसऱ्यांचे कॉलही ओढून घ्यायचे. घरी असले तर भाजी करपायची. प्रेरणा म्हणायची, "मम्मी, बैठ तो जाओ एक जगह." बसले की पुन्हा उठायचे.

शेवटी मी मॅडमच्या एका धड्यातली युक्ती वापरली. एक खूण बंद झाली तर त्याच जागी, त्याच वेळी दुसरी कोणती खूण दिसते का बघा. मी त्या टॉवरच्या भागातले सुट्टीच्या दिवसांचे सगळे फोन काढले. नुसते मुके नाहीत, सगळेच. भांडण, पार्किंग, साप निघाला. आणि एक तक्रार परत परत: शेजारच्या घरात टीव्ही फार मोठ्यानं लावला आहे. तक्रार करणारी एकच बाई, मिस डिसूझा, निवृत्त शिक्षिका. गाडी अर्ध्याएक तासानं जायची, ती बघून टीव्ही हळू व्हायचा, प्रकरण बंद. मी तारखा लावून बघितल्या. मुका फोन यायचा त्याच दिवशी, त्याच्यानंतर थोड्याच वेळात टीव्हीची तक्रार. मुके फोन थांबले होते. टीव्हीची तक्रार थांबली नव्हती.

"टीवी की आवाज़ पर किसी के घर में घुस जाएँ क्या?" दुबे साहेब म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. "शिकायतकर्ता से फीडबैक लेना हमारा काम है. वो ले आइए. बस, उससे आगे नहीं."

सुट्टी नसलेल्या एका दिवशी, साडी नेसून मी मिस डिसूझांकडे गेले. सिव्हिल लाइन्सच्या टोकाला जुन्या बंगल्यांच्या मागे सरकारी क्वार्टरांची रांग आहे, आणि तिच्या शेजारी त्यांचं स्वतःचं छोटं घर. बाई उंच, वाकलेल्या, केस पांढरेशुभ्र. मी ओळख सांगून विचारलं, की टीव्हीच्या तक्रारीचं निराकरण समाधानकारक झालं का? त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम इतनी दूर टीवी पूछने आई हो?"

"नहीं मैडम."

"तब ठीक है. बैठो." त्यांनी पडवीतली दुसरी खुर्ची पुढे ओढली. "टीवी कौन रोज़-रोज़ सुनता है? वो जब मारता है तब टीवी तेज़ करता है. मैं और क्या लिखवाती? औरत पिट रही है कहती, तो तुम्हारे लोग जाकर उसी से कहते कि बगल वाली ने बताया. टीवी की शिकायत कोई भी कर सकता है. गाड़ी आती थी तो उतनी देर हाथ तो रुकता था."

वर्षभर ही म्हातारी आमच्याच भाषेत आम्हाला सांगत होती आणि आम्ही टीव्ही हळू करून परत येत होतो.

त्या बाईचं नाव किरण. माहेर पनागरचं, भाऊ मटारची शेती करतो. दोन मुलं. मिस डिसूझांनी नवऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा मात्र मी ते पुन्हा विचारून घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, मुलं मोठी झाली आहेत आता. तो एका मोठ्या कार्यालयात बडे बाबू, म्हणजे हेड क्लार्क होता. आमच्या बदल्या-नेमणुकांच्या फायली ज्या टेबलांवरून जातात, त्यातलं एक टेबल त्याचं होतं. विश्लेषण कक्षासाठी मी केलेला अर्ज तिथेच होता.

दुबे साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "मेश्राम जी, आपकी फाइल वहीं है."

"मालूम है, सर."

"मैं आपको रोक नहीं रहा. मैं आपको भेज भी नहीं रहा. आप समझ रही हैं ना?"

समजत होतं. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. त्यांची नोकरीही सरकारीच होती, बड्या बाबूंशी वैर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तुले करायचंच हाय ना? मंग विचारून काहून राहिली?" मी विचारत नव्हते खरं तर. मला कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. अर्ज मंजूर व्हावा म्हणून मी तो उन्हाळा गच्चीवर भाजून काढला होता. तो असा एका पायरीवर येऊन अडायचा? दोन-तीन दिवस मी स्वतःशी भांडत राहिले, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. मग एके दिवशी सकाळी, काही न ठरवताच, रिक्षा मिस डिसूझांच्या फाटकासमोर थांबवली.

किरण त्यांच्याकडे कढीपत्ता न्यायला यायची. नवरा ऑफिसला गेला की तेवढंच बाहेर पडणं. त्या दिवशीही आली. तिशी-पस्तिशीची, नीटनेटकी, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. मला बघून दारातच थबकली. मिस डिसूझा म्हणाल्या, "ये मेरी पहचान की हैं." ती हसली, कढीपत्त्याची डहाळी घेतली आणि वळली.

मी तिला काय म्हणणार होते? पोलीस म्हटलं असतं तर ती पळाली असती. कायदा सांगितला असता तर तिनं मान हलवली असती आणि घरी गेली असती. मला काही सुचलं नाही. तोंडातून रोजचं तेच निघालं.

"बोलिए, मैं सुन रही हूँ."

ती थांबली. पाठमोरीच उभी राहिली. मग हळूच वळून माझ्या तोंडाकडे बघू लागली, जणू आवाज तिथूनच निघाला का याची खात्री करत होती.

"आप वही हैं," ती म्हणाली. "फ़ोन वाली."

"हाँ."

"दूसरे लोग तो डाँटते थे. लाइन फँसा रखी है, कहते थे. आप कहती थीं सुन रही हूँ." ती डहाळीची पानं एकेक तोडत होती. "मैं रोज़ सोचती थी, आज बोलूँगी. फिर लगता था, बोल दिया तो फिर क्या होगा? तो रख देती थी."

मग ती पडवीच्या पायरीवर बसली आणि बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. मिस डिसूझांनी चहा ठेवला आणि तो तसाच थंड झाला. मी मध्ये एकदाही बोलले नाही. खरं सांगायचं तर माझे पाय उठायला बघत होते. लगेच गाडी बोलवावी, त्याला ऑफिसातून उचलून आणावं असं वाटत होतं. पण ते माझ्या हातात नव्हतं आणि तिनं मागितलंही नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "अब क्या करूँ?" मी काय काय करता येतं ते सांगितलं, आणि काय काय त्रास होईल तेही सांगितलं. लपवलं नाही.

ती लगेच तयार झाली नाही. आठवडा गेला. मग एका कामाच्या दिवशी मिस डिसूझा छत्री टेकत तिला घेऊन महिला ठाण्यात गेल्या. मागाहून कळलं, की तिथल्या तरुण उपनिरीक्षक मुलीनं आधी थोडी टाळाटाळ केली तेव्हा मिस डिसूझा इंग्रजीत अशा काही बोलल्या, की ती मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली. बहुधा त्यांचीच विद्यार्थिनी असावी कधीकाळची.

नवऱ्याला बोलावलं. तो इस्त्रीच्या शर्टात आला, वकील घेऊन, आणि सगळ्यांना नमस्कार करून बसला. त्याचं म्हणणं, बायको नाराज आहे, माहेरच्यांनी कान भरले आहेत, मारहाणीचा पुरावा काय? त्या उपनिरीक्षक मुलीनं आमच्याकडून फोनांची नोंद रीतसर मागवली होती. मुके फोन आणि टीव्हीच्या तक्रारी शेजारी शेजारी लावलेल्या. वकील म्हणाला, "ब्लैंक कॉल से क्या साबित होता है? उसमें तो कोई बोला ही नहीं."

"वकील साहब, इतने सारे इत्तेफ़ाक़ और सब छुट्टी के दिन?" ती मुलगी म्हणाली. "बाबूजी, आप छुट्टी में ही टीवी देखते हैं क्या?"

त्यानं वकिलाकडे बघितलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण किरण पनागरला गेली आणि महिनाभरात परत आली. मुलांची शाळा जबलपूरला, भावजयीचं तोंड वेगळं, आणि नवऱ्यानं समुपदेशनात सगळ्यांसमोर माफी मागितलेली. ती परतल्याचं कळलं तेव्हा मी इतकी चिडले, की मिस डिसूझांना फोनवर म्हटलं, "अब मैं कुछ नहीं करूँगी." त्या म्हणाल्या, "तुमसे कौन कह रहा है? मैं हूँ ना यहाँ." पुढची सुट्टी आली. टीव्ही पुन्हा मोठा झाला. या वेळी किरण स्वतः बोलली, फोनवर, पूर्ण पत्ता देऊन. फोन माझ्या टेबलावर नाही, दुसऱ्याच मुलीकडे गेला. ते बरंच झालं. तिला माझी गरज उरली नव्हती. गाडी दहा मिनिटांत पोहोचली. त्यानंतर ती त्या घरी परत गेली नाही. खटला उभा राहिला, लांबला, शेवटी पोटगीवर तडजोड झाली. त्याला शिक्षा झाली असं मला लिहिता येत नाही. त्याची बदली झाली, आणि तो तिथेही बडे बाबूच राहिला.

माझा अर्ज परत आला. शेरा होता, शारीरिक पात्रता अपूर्ण. ज्या कामात दिवसभर खुर्चीवर बसायचं असतं, त्या कामासाठी माझा गुडघा कमी पडला. प्रेरणा खूप संतापली. मी हसले. पण त्या दिवशीही मी पाण्याच्या माठाकडे फार फेऱ्या मारल्या. कक्षात दोन तरुण मुलं गेली. हुशार होती, पण त्यांना बैठकांसाठी उतरत्या रेघांचे आलेख काढायचंच काम लागलं. कोर्समध्ये मला बेताचेच गुण मिळाले. आलेखांवर नावं चुकीच्या जागी होती आणि इंग्रजी कच्चं. शेवटी मॅडमनी एक ओळ लिहिली होती. त्या बाईचं पुढे काय झालं, ते कळवाल का? मी कळवलं. ते पत्र मात्र मी प्रेरणाकडून तपासून घेतलं नाही, जसं आलं तसं लिहिलं.

दुबे साहेबांनी निवृत्तीच्या आधी एक काम केलं. एका कागदावर सही करून नियम बदलला. एकाच नंबरावरून दुसऱ्यांदा मुका फोन आला तर तो बटणानं बंद करायचा नाही. उलट फोन बाईनंच करायचा, आणि पुरुषानं उचलला तर पोलीस म्हणून सांगायचं नाही; मोबाइल कंपनीतून बोलते म्हणायचं. सही करताना म्हणाले, "मैं डरपोक आदमी हूँ, मेश्राम जी, पर काग़ज़ पर तो हिम्मत कर सकता हूँ."

किरण आता भावाच्या शेडमध्ये काम करते. मटार सोलून, थंड करून पाकिटात भरतात, त्याच्यावर देखरेख. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला होता, माझ्या स्वतःच्या नंबरवर. मी घाबरून विचारलं, काय झालं? काहीच झालं नव्हतं. मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला, मटारला यंदा भाव बरा आहे, नवीन बाया कामात ढिल्या आहेत, असं कितीतरी वेळ बोलत राहिली. मी भाजी चिरायची थांबवून ऐकलं. पोटभर बोलून झाल्यावर म्हणाली, "चलो दीदी, रखती हूँ," आणि नीट निरोप घेऊन फोन ठेवला.

निवृत्तीनंतर मी बसून राहीन असं घरच्यांना वाटलं होतं. आता आठवड्यातून एकदा नव्या भरती झालेल्या मुलींचा ऑनलाइन वर्ग घेते, फुकट. फोन कसा ऐकायचा ते शिकवते. आता नेट खालच्या खोलीतही चालतं. गेल्या महिन्यात मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली, थोड्या अभिमानानंच. कॅलेंडर, टीव्ही, सगळं. मुली भारावून ऐकत होत्या. मग सिवनीकडची एक मुलगी म्हणाली, "मैडम, आपने बताया कि कुछ नंबर बार-बार आते थे. एक का तो पता चला. बाक़ी नंबरों का क्या हुआ?"

स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे होते आणि सगळ्यांचे माईक बंद. इतक्या वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. दुबे साहेबांनी नाही, कोर्सच्या मॅडमनी नाही. मीही स्वतःला धड विचारलं नव्हतं. एक नंबर सापडला त्या आनंदात आणि त्या धावपळीत बाकीची टिंबं मी कॅलेंडरवर मांडलीच नाहीत.

"मालूम नहीं, बेटा," मी म्हटलं.

त्या मुलीनं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. वर्ग संपला, खिडक्या एकेक करून बंद झाल्या, आणि मी उठून घरभर फिरू लागले.